तळ्याकाठची आठ मिनिटं

साल एकोणीसशे शहाऐंशी. मला पंचेचाळीसावं लागलं होतं आणि मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकलच्या कारखान्यात टेम्पो चालवायला लागून अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत माझ्या गाडीत एक बाटली फुटली नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल, माणूस भ्रमिष्ट झाला होता. भ्रमिष्टाच्या हातात ॲसिडची बाटली अकरा वर्षं शाबूत राहत नाही.

बाटली म्हणजे साधी नव्हे. मांडीएवढी उंच, काचेची, लोखंडी जाळीत बसवलेली, भोवती भाताचा पेंढा ठासलेला. त्या घेऊन पवईच्या तळ्यावरून, भांडुपच्या पुढे मुलुंडच्या अलीकडे आमचं गोडाऊन होतं तिथे जायचं. रस्ता बारा किलोमीटर, तेव्हाचे खड्डे धरून. रोज एकच फेरी, सकाळी साडेसहाला, रस्ते मोकळे असताना. भरली गाडी मी पंधराच्या वर नेत नसे. रिकामी आणताना तीस. काटा त्या आकड्यावर आला की पायाला आपोआप कळायचं. मागून खडीचे डंपर हॉर्न मारत यायचे. ओरडायचे, "मय्यत घेऊन चाललायस काय रे?" मी हात बाहेर काढून पुढे जा म्हणायचो. पंधरा म्हणजे पंधरा.

त्या वर्षी दिवाळीनंतर नवे साहेब आले. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण अहो-जाहो करणारे. माणूस वाईट नव्हता. फक्त प्रत्येक गोष्टीचं माप पाहिजे असायचं. त्यांनी एकेका ड्रायव्हरला टेबलापाशी बोलावलं.

"तुमचा स्पीड काय?"

"जाताना पंधरा, येताना तीस."

"अंदाजे ना?"

"अंदाजे नाही साहेब. काटा बघा येऊन."

ते हसले. "बरं. मग ॲव्हरेज किती धरू?"

त्यांचा हात कॅल्क्युलेटरकडे जायच्या आत मी सांगून मोकळा झालो, "साडेबावीस."

चौथी शिकलोय मी. तीही गावच्या शाळेत दाराबाहेर बसून. पण पाठांतराचा आवाज दाराबाहेर चांगला यायचा, आणि आतल्या पोरांपेक्षा मला आधी पाठ व्हायचं. पावकी, निमकी, पाऊणकी, सगळं. निमकी म्हणजे अर्ध्यांचा पाढा. पंधरा नि तीस पंचेचाळीस, पंचेचाळीसची निमकी साडेबावीस. आजही झोपेतून उठवून विचारा. साहेबांनी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं, मान डोलावली, आणि आपल्या वहीत माझं माप लिहिलं. जाऊन येऊन चोवीस किलोमीटर, साडेबावीसच्या हिशेबाने चौसष्ट मिनिटं. गोडाऊनला माल उतरवायला अर्धा तास, तो तिथला वॉचमन चिठ्ठीवर लिहून द्यायचा. म्हणजे साडेसहाला सुटलेली गाडी आठ वाजून चार मिनिटांनी गेटात यायला पाहिजे.

पंधरा दिवसांनी साहेबांनी परत बोलावलं. समोर गेटवरच्या वॉचमनचं रजिस्टर उघडं होतं.

"रोज आठ बाराला येता तुम्ही. आठ मिनिटं कुठे जातात?"

"कुठे जातील? मी थांबत नाही."

"हे बघा." त्यांनी बोट खाली-खाली नेलं. आठ बारा, आठ बारा, आठ तेरा, आठ बारा. "माणूस चहाला थांबला तर कधी पाच मिनिटं लागतील, कधी पंधरा. तुमची रोज आठ. आणि माप तुम्हीच दिलंय. कुठे थांबता? तळ्यापाशी?"

तळ्यापाशी हा शब्द त्यांनी सहज टाकला होता. त्यांच्या मनात काही नसावं. पण तो माझ्या डोक्यात राहिला.

माझ्याकडे घड्याळ नव्हतं, कधी लागलंच नाही. त्या संध्याकाळी शेजाऱ्याचं चावीचं घड्याळ मागून आणलं आणि दुसऱ्या दिवशी मनगटावर बांधून निघालो. म्हटलं, साहेबाचं रजिस्टर खोटं की मी, बघूच. डिसेंबर होता. साकीनाका सोडला की त्या काळी वस्ती विरळ व्हायची. डावीकडे तळं, उजवीकडे डोंगर आणि खाणी. पाण्यावरून धुकं उठून रस्त्यावर यायचं. काटा पंधरावरून हलू दिला नाही. येताना तीस. ब्रेकवर पाय फक्त नाक्यावर, तोही टेकवल्यासारखा. गेटात शिरलो आणि मनगट बघितलं. आठ बारा.

वाटलं घड्याळ पुढे आहे. भोंग्याशी लावून पाहिलं. बरोबर होतं.

आता माझी काय अवस्था झाली ते समजून घ्या. निमकी चुकत नाही. काटा चुकत नव्हता, तो मी मधे एकदा साहेबांपुढेच तपासून घेतला होता. घड्याळ बरोबर. आणि मी थांबलो नव्हतो. तरी कुठल्यातरी वळणावर आठ मिनिटं माझ्याजवळून निघून जात होती, आणि मला पत्ता नव्हता.

आमच्यात एक मालवणकडचा ड्रायव्हर होता, माझ्याहून म्हातारा. त्याला सांगितलं. त्याने विडी विझवली.

"मेल्या, तुका चकवो लागता."

चकवा म्हणजे वाटेवर बसलेलं काहीतरी. माणसाला तिथल्या तिथे फिरवतं, नि माणसाला वाटतं आपण सरळ चाललोय. मी हसलो. "टेम्पोला कसला चकवा रे?"

"हस. तुका वाटता तू चललंस. गाडी उभी आसता." मग दबक्या आवाजात म्हणाला, "तळ्याकडे, नाय?"

त्याला तळ्याचं मी सांगितलं नव्हतं.

घरी बायकोच्या कानावर गेलं. ती म्हणाली, "अहो, एक लिंबू तरी ठेवा गाडीत. काय जातंय?"

"काय जातंय?" माझा आवाज चढला. "माझ्या बापाने धम्म घेतला त्या दिवशी देव्हाऱ्यातले देवांचे सगळे टाक नदीत सोडले. मी बरोबर होतो. पाणी छातीला लागत होतं. त्या बापाचा पोरगा लिंबू लावून फिरेल?"

"मग खुशाल थांबता असं सांगा साहेबाला."

"थांबत नाही तर काय सांगू?"

असा कोंडलो. भूत मानावं तर बापाशी बेइमानी, आणि मानू नये तर साहेबापुढे खोटारडा. तिसरी वाट दिसत नव्हती.

मग मी पाढे म्हणायला लागलो. तळं सुरू झालं की दोनचा पाढा सुरू, मोठ्याने. मधे वेळ गळत असेल तर पाढाही गळेल, असा माझा हिशेब. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी तळं संपलं तेव्हा तोंडात विसाचा पाढा होता. अठराचा म्हटल्याचं नीट आठवत होतं. एकोणीसचा म्हटल्याचं आठवेना. केबिनमध्ये एकटाच होतो, तरी मी मागे वळून बाटल्यांकडे बघितलं.

त्यानंतर ती आठवण यायला लागली.

आठवणच म्हणतो, स्वप्न नव्हे. पहिल्या दिवशी फक्त इंजिन बंद केल्यानंतरची शांतता आठवली; लोखंड निवताना टिकटिक करतं ती. दुसऱ्या दिवशी पायऱ्या आठवल्या. दगडी, ओल्या, सहा. मी मोजल्या होत्या, कारण मी सगळं मोजतो. मग पाणी आठवलं, घोट्याशी गार. भिंतीवर ओल चढते ना, आज वीतभर, उद्या हातभर, तशी ती रोज चढत होती. शेवटी बाई आठवली. पाठमोरी, पाण्यात उभी राहून भांडं घासत होती आणि घासण्याचा आवाज नव्हता. मान न वळवता तिने विचारलं, "किती वाजले?"

मी म्हटलं, "माझ्याकडे घड्याळ नाही."

ती म्हणाली, "मग थांब जरा."

एवढंच. पण हे मी टेम्पो चालवताना, जेवताना, नळावर उभा असताना आठवत होतो, जसं तुम्हाला कालचं आठवतं. बाई कोण, मला माहीत नव्हतं. पण मी त्या पायऱ्या उतरलो होतो, याबद्दल हळूहळू मनात शंका उरली नाही. आठ मिनिटं कुठे जातात, त्याचं उत्तर मिळालं होतं. साहेबांचं बरोबर होतं. मी थांबत होतो.

शुक्रवारी साहेबांनी एक टाइप केलेला कागद हातात दिला. "मी रोज वाटेत कामाशिवाय गाडी थांबवतो. यापुढे थांबवणार नाही." खाली सहीची जागा.

"उद्या सही करून आणा. ॲसिडची गाडी भर रस्त्यात उभी राहते, हे वरपर्यंत गेलंय. सही केलीत तर तुम्हाला पॅकिंगला घेईन. नाही केलीत तर माझ्या हातात काही राहत नाही."

"गाडी?"

"गाडी दुसऱ्याला द्यावी लागेल."

दुसरा कुणी तीसने नेईल आणि एक दिवस त्या पेंढ्यातून धूर निघेल, हे मला दिसत होतं. पण मी कागद घडी करून खिशात टाकला. खरंच थांबत असेन तर माझ्या हातात ती गाडी नकोच.

संध्याकाळी घरी आलो. आमची खोली पाइपलाइनच्या बाजूला, एकच. थोरली मुलगी तेव्हा नववीत होती. पत्र्याच्या ट्रंकेवर वही ठेवून शास्त्राचा अभ्यास करत होती. मी दिव्याखाली कागद पसरला आणि पेन उघडलं.

"काय लिहिताय आबा?"

"सही."

तिने कागद ओढला आणि वाचला. "तुम्ही थांबता?"

"थांबत असेन."

"असेन म्हणजे? थांबता की नाही?"

तिला बाईचं सांगितलं नाही. आठ मिनिटांचं सांगितलं. पंधरा, तीस, साडेबावीस, चौसष्ट, आणि रोज लागतात ती बहात्तर. ती ऐकत राहिली. मग तिने वही मागच्या पानावर उलटली आणि हसायला लागली.

"आबा, हे आमचं गणित आहे! सरासरी चाल. सेम चूक शाळेतल्या बाईंनी आख्ख्या वर्गाकडून करून घेतली आणि मग सगळ्यांना उभं केलं."

"कसली चूक? पंचेचाळीसची निमकी सांग."

"साडेबावीस."

"मग?"

"निमकी बरोबर आहे हो. पण ती इथे लावायचीच नाही."

"तुझ्या बाईंना निमकी येते का विचार आधी."

"आबा, रागावू नका. पंधराने किलोमीटरला किती मिनिटं?"

"चार."

"बारा किलोमीटरला?"

"अट्ठेचाळीस."

"तीसने?"

"दोन मिनिटाला एक. चोवीस."

"अट्ठेचाळीस नि चोवीस?"

बहात्तर होतात हे तिच्या आधी मला कळलं होतं. पण कळलं म्हणून पटत नाही. मी म्हटलं, "तुझं बहात्तर बरोबर, माझं चौसष्टही बरोबर. मधली आठ कुठे गेली ते सांग."

"कुठेच नाही गेली. ती नव्हतीच."

"निमकीने आली ना?"

ती वैतागली. बायको चुलीपासून म्हणाली, "सोड गं, त्यांना नाही पटायचं." पण माझीच पोरगी ती, सोडते कशाला. तिने पेन्सिल तोंडात धरून विचार केला.

"बरं. समजा येताना तुम्ही विमानाने आलात. हजारच्या स्पीडने."

"टेम्पो?"

"समजा हो. जाताना पंधरा, येताना हजार. करा निमकी."

"एक हजार पंधरा. निम्मे पाचशे साडेसात."

"त्या स्पीडने चोवीस किलोमीटरला किती वेळ?"

मी बोटांवर केलं. "तीन मिनिटं. तेवढीही नाहीत."

"म्हणजे जाऊन येऊन तीन मिनिटांत?" तिने माझ्याकडे बघितलं. "आणि नुसतं जायला अट्ठेचाळीस लागतात ना?"

मी परत बोटांवर केलं. तीनच.

"तुम्ही पंधराच्या चालीत जास्त वेळ असता, आबा. तीसच्या चालीत कमी. दोघांना सारखं वाटून कसं चालेल? चोवीस किलोमीटर, बहात्तर मिनिटं. सरासरी वीस. साडेबावीस नाही."

वीस. आयुष्यात पहिल्यांदा निमकीने मला दगा दिला होता. दगा तरी कसला, मी तिला नको तिथे उभी केली होती. साहेबांनी कॅल्क्युलेटरवर तेच केलं होतं. त्यांना तर कॉलेज करून सुटलं नव्हतं.

"सही करणार?" पोरीने विचारलं.

"नाही."

तिने कागदाच्या मागे सुवाच्य अक्षरात सगळं मांडून दिलं. बायकोने भाकरी वाढली. दोघींनाही वाटलं, मिटलं. मलाही वाटायला हवं होतं. पण मी ताटावर बसून दुसराच हिशेब करत होतो. साडेसहाला सुटलो, सात अठराला पोचलो, अर्धा तास माल, सात अट्ठेचाळीसला निघालो, आठ बाराला गेटात. एकेक मिनिट भरलेलं. मधे कुठे फट नाही, सुई शिरेल एवढीही नाही. मी एकदाही थांबलो नव्हतो, आता ते गणिताने सिद्ध झालं होतं.

मग त्या पायऱ्या मी उतरलो कधी?

आठवण काही पुसली नाही. उलट आता तिला टेकायला जागाच नव्हती म्हणून की काय, जास्त स्वच्छ झाली. पाणी घोट्याला लागत होतं. आठ मिनिटं नव्हतीच, तर ती बाई मला कुठल्या वेळात भेटली होती? हे मी पोरीला विचारलं नाही. तिच्या पुस्तकात नसणार, आणि असलं तरी मला ते तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दाढी केली, घड्याळ बांधलं आणि कागद शर्टाच्या खिशात ठेवून कामावर गेलो. भरली गाडी पंधराने नेली, तळ्यावरून जाताना तोंडाने एक पाढा म्हटला नाही. माल उतरवला. येताना, रिकाम्या गाडीने, तळ्याच्या मधल्या वळणावर कडेला घेतलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तिथे इंजिन बंद केलं.

खाली उतरून कडेपर्यंत गेलो. पायऱ्या नव्हत्या. दगडाचा उभा बांध, त्यावर बेशरमीची झुडपं माजलेली, आणि पाणी खाली लांब, धुक्यात. कुणाला उतरायचं म्हटलं तरी वाट नव्हती, आणि कधी असेल असंही दिसत नव्हतं. मी घड्याळ बघून तिथे उभा राहिलो. आठ मिनिटं फार मोठी असतात, उभं राहून बघा. गाडीचं लोखंड निवत टिकटिक करत होतं. सातवं मिनिट संपताना खालून दगडावर भांडं टेकवल्यासारखा आवाज आला. एकदाच. पलीकडे कुणी धुणं धूत असेल. मी वाकून बघितलं नाही. आठवं मिनिट पुरं केलं, गाडीत बसलो आणि काटा तीसवर आणला.

गेटात आठ वीस झाले. साहेब नऊला आले, तेव्हा मी टेबलापाशी उभाच होतो. कागद उलटा करून समोर ठेवला. त्यांनी पोरीची मांडणी वाचली, कॅल्क्युलेटर ओढला, दोनदा केलं, आणि कान लाल झाले त्यांचे.

"बरोबर आहे. बहात्तरच. अहो, मला कसं कळलं नाही?" त्यांनी पुढच्या बाजूवर आडवी रेघ मारली. "चूक आपल्या दोघांची. गाडी तुमचीच." मग रजिस्टर बघून थांबले. "पण आज आठ वीस?"

मी त्यांच्या हातातलं पेन मागून घेतलं. रेघेखाली जागा होती तिथे माझ्या अक्षरात लिहिलं, "आज येताना तळ्यापाशी आठ मिनिटं थांबलो," आणि खाली सही केली.